माझी पोरगी त्याच्या पाया पडली नाही

आत्ताच काशीमीऱ्याहून पिक्चर बघून आले. एका मोठ्या शास्त्रीय संगीतकाराच्या आयुष्यावर आहे. चाली ऐकून अंगावर काटा येतो. पण माणूस कसला? बायकोला टाकून गेलेला.

त्या बायकोचं काम माझ्या स्वातीनं केलंय! म्हातारपणी तो परत येतो, तेव्हा तिनं पाया पडायचं असं लिहिलेलं. स्वाती अडून बसली, "सर, ही बाई पाया पडणार नाही." डायरेक्टर भडकला, "सीनच कापून टाकेन."

सीन येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. कापला नव्हता! स्वाती दारात ताठ उभी.

शेजारच्या खुर्चीतली बाई पुटपुटली, "इतना बड़ा कलाकार, पैर तो छूती."

"क्यों छुएगी? मेरी बेटी है वो!"

बायांनो, तुम्ही पडला असता का पाया?