बटाट्याचं नाव न घेणारी दाक्षायणी

दाक्षायणी बोलायला लागली की गल्लीतले कुकरसुद्धा शिट्टी मारायला तिच्या परवानगीची वाट बघतात, असं लोक म्हणतात. ही बाई एक शब्द गिळून दुकान सुधारेल, असं कुणी पैजेवर सांगितलं असतं तरी गल्लीला पटलं नसतं.

सोलापुरात सात रस्त्याजवळ विरेशचं बर्गर-फ्राइजचं दुकान आहे. तिथं ऑर्डर घेण्याचं काम तिचं. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरं आणि, लपूनछपून, त्यांचे बाप. तिचा नवरा बसूही त्यातलाच. बायकोला न्यायला म्हणून यायचा आणि फ्राइज हादडत बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची साखर वाढलेली निघाली, तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त तीच ओशाळली. घरात एकाला पथ्य सांगायचं आणि दुकानात शंभरांपुढं तळण सरकवायचं, हे तिच्या जिवाला लागलं.

मग तिनं विरेशच्या मागं भुंगा लावला. बर्गरबरोबर फ्राइजच का? कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी का नको? सासूबाई सुंदरम्मा भाकऱ्या करून द्यायला तयारच होत्या. शेवटी विरेश कंटाळून म्हणाला, "अक्का, एक डबा भरून आणा. शनिवारी त्यात भाकरी उरली, तर हा विषय परत न्हाय."

सोमवारी तिनं झोकात पाटी लावली: 'आरोग्यासाठी उत्तम. साखर व वजन वाढलेल्यांनी अवश्य खावे.' झालं. सोलापूरकर तिखटाला भीत नाही, उन्हाला भीत नाही, पण चारचौघांत आजारी ठरायला भितो. पोरं पाटी वाचून एकमेकांना विचारायची, कुठल्या वॉर्डात आहेस म्हणून. बुधवारपर्यंत भाकरी घेतली ती एका म्हाताऱ्यानं, तीही 'शेजाऱ्यासाठी' असं दोनदा सांगून.

डबा भरलेलाच बघून सुंदरम्मा सुनेला म्हणाल्या, "अगं, पंगतीत आपण 'गव्हाची हुग्गी खाणार का' असं विचारतो का? हुग्गी वाढायची आणि विचारायचं, वर तूप घालू की दूध."

गुरुवारी पाटी गायब. बर्गर सांगणाऱ्या प्रत्येकाला दाक्षायणीचा एकच प्रश्न, "भाकरीसोबत चटणी कोरडी देऊ, की दह्यात कालवून?" बटाट्याचं नावच नाही. कुणी मागितलेच फ्राइज, तर कपाळाला आठी न घालता द्यायची. पण मागतो कोण? कोरडी की दह्यातली, यातच माणूस गुंतायचा. कॉलेजातली नाजनीन मैत्रिणींशी यावरून इतकी भांडली, की शेवटी पोरींनी दोन्ही मागवल्या. बसूनं एकदा बायकोकडं केविलवाणं बघितलं. त्यालाही तोच प्रश्न. बिचारा म्हणाला, "दह्यात."

शनिवारी दुपारी विरेश निकाल लावायला आला. झाकण उघडलं तर तळाशी नुसता चुरा. भुकेजलेला माणूस, त्यानं विचारलं, "मला ठेवली न्हाय का?"

"तुमाला फ्राइज हायत की," ती शांतपणे म्हणाली. "लई उरलेत."

विरेशनं बोट ओलं करून डब्यातला चुरा टिपला, चाखला, पुन्हा टिपला. मालकाचा रुबाब सावरायला जरा वेळ लागला. मग इकडं तिकडं बघत म्हणाला, सोमवारपासून रोज डबा येऊ दे.

दाक्षायणीनं वही पुढं ओढली.

"मालक, एक आणू की दोन?"