जुन्या कॅमेऱ्याचं शेवटचं अपडेट

लातूरला मी बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. हळद, डोहाळजेवण, बारसं, आणि गेल्या काही वर्षांपासून अख्खी लग्नंसुद्धा. कॅमेरा एकच आहे आणि तो जुना आहे. त्याच्या बटनांवरची अक्षरं माझ्या अंगठ्यानं पुसली गेलीत, पण कोणतं बटन कशाचं हे बघायची मला गरज पडत नाही.

ऐन लग्नसराईत मुरुडच्या एका हळदीत कॅमेऱ्याचा पट्टा कुणाच्या तरी बांगडीत अडकला आणि लेन्स फरशीवर आपटली. लेन्स गेली, कॅमेरा वाचला. दुसऱ्या दिवशी एसटी धरून नांदेड गाठलं. तिथल्या दुकानात माझ्या कंपनीची लेन्स मिळाली नाही. दुसऱ्याच कंपनीची, पण माझ्या कॅमेऱ्याला बसणारी, वापरलेली अशी एक मिळाली. बसली तर झटक्यात. पण अधूनमधून फोकस सुटायचा आणि पडद्यावर एरर येऊन सगळं गोठायचं. मग कॅमेरा बंद करायचा, बॅटरी काढायची, परत घालायची. तेवढ्यात नवरीनं नवरदेवाला घास भरवून झालेला असायचा.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, फर्मवेअर टाकून घ्या. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतलं लई जुनं असंल."

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात बसलेला प्रोग्राम. लेन्सशी बोलायचं कसं, फोकस कुठं धरायचा, बॅटरी किती उरली, हे सगळं तोच ठरवतो. कंपनी त्यात मधूनमधून दुरुस्ती करते आणि आपल्या वेबसाइटवर फुकट ठेवते. इतकी वर्षं कॅमेरा वापरून मी त्या वाटेला कधी गेले नव्हते, कारण कधी अडलं नव्हतं.

वेबसाइट उघडली. वर नव्या कॅमेऱ्यांची रांग होती. त्यांना वर्षातून दोन-तीनदा काही ना काही मिळत होतं. कुणाला पक्ष्यांचे डोळे ओळखता यायला लागले होते, कुणाला आणखी काही. माझा कॅमेरा शोधायला खूप खाली जावं लागलं. 'जुनी मॉडेल्स' अशा पानावर तो सापडला. त्याच्यासाठी एक अपडेट होतं, तेही काही वर्षांपूर्वी ठेवलेलं, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं की या मॉडेलसाठी हे शेवटचं. सुधारणा किरकोळ होत्या. काही लेन्सबरोबर येणारी अडचण दूर केली. स्थिरता वाढवली. बॅटरीची ओळख अधिक अचूक केली. तिसरी ओळ मी वाचली, आणि चांगलंच आहे की, असं म्हणून पुढं गेले.

शिरूर अनंतपाळच्या लग्नाच्या आदल्या दुपारी मी ते काम काढलं. कार्ड कोरं केलं, त्यावर फाइल घातली, पूर्ण चार्ज केलेली कंपनीची मूळ बॅटरी बसवली. लाइट गेली होती, पंखा बंद होता, घामानं बोटं चिकट झाली होती. कॅमेऱ्यानं विचारलं, अपडेट करू का? मी हो म्हटलं. पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरायला लागली. काम चालू असताना बंद करू नका, असं वर लिहिलेलं.

माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. तो ड्यूटीवरून आला, चपला काढता काढता म्हणाला, "काय करून राहिलीस?"

"कॅमेऱ्याला अपडेट टाकून राहिले."

"आमच्या गाडीला पन टाक की एक. चढावर दम धरंना गेलीय."

पट्टी भरली, कॅमेरा आपोआप बंद होऊन चालू झाला. नांदेडची लेन्स लावून बघितली. दारातल्या तुळशीवर फोकस असा बसला की बास. परत परत बघितलं, एरर नाही. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

मग उद्यासाठी म्हणून दुसरी बॅटरी घालून बघितली. पडद्यावर आलं, ही बॅटरी वापरता येणार नाही. आणि कॅमेरा विझला. तिसरी घातली, तेच. माझ्याकडं मूळ बॅटरी एकच. बाकीच्या सगळ्या नांदेडहून आणलेल्या डुप्लिकेट. त्या वर्षानुवर्षं मुकाट चालत होत्या.

"कालपर्यंत चालत होत्या ना? आज कामून चालंनात?" नवरा म्हणाला.

मी वेबसाइट परत उघडली आणि तिसरी ओळ परत वाचली. आता तिचा अर्थ लागला: कंपनीची नसलेली बॅटरी ओळखायची आणि नाकारायची. मागं जायची सोय आहे का ते शोधलं, नव्हती. एकदा नवं घातलं की जुनं परत घालता येत नाही.

कंपनीचं अगदीच चुकलं असंही मला म्हणता येईना. डुप्लिकेट बॅटऱ्या फुगतात. माझी एक फुगून आत अडकली होती, ती काढताना नाकी नऊ आले होते. पण हे लग्नाच्या आदल्या दिवशी आठवून काय उपयोग?

शिरूरला सकाळी पोचले तेव्हा मांडवात पाहुणे यायला लागले होते. मी पडदा बंदच ठेवला. डोळा लावून बघायचं, काढायचं, काढलेलं तपासायचं नाही. व्हिडिओ नाही. आणि काम नसेल तेव्हा बॅटरी काढून चार्जिंगला लावायची. स्वयंपाकाच्या खोलीत एक प्लग रिकामा होता. नवरीच्या मावशी तिथं लाडवांच्या परातीपाशी बसल्या होत्या. त्यांना मी हात जोडून म्हटलं, "मावशी, एवढं कुणाला काढू देऊ नका."

"कोन हात लावतंय बघते. जा तू."

त्यांनी खरंच राखण केली. मी दर थोड्या वेळानं पळत यायची, बॅटरी घेऊन पळत जायची. अक्षता झाल्या, सप्तपदी झाली, जेवणं झाली. दुपारी मात्र मावशींना नवरीची ओटी भरायला बोलावलं आणि त्या उठल्या. मी परत आले तर प्लगवर कुणाचा तरी मोबाइल लावलेला आणि माझा चार्जर परातीच्या कडेला ठेवलेला. मोबाइलवाल्याला शोधायचं त्राण नव्हतं. होती तेवढ्यावर निघाले.

पाठवणीला बॅटरी संपली. नवरी गाडीत बसली होती. तिचे वडील इतका वेळ मंडपवाल्याशी, आचाऱ्याशी हिशेबाचं बोलत फिरत होते. ते गाडीच्या दाराशी आले आणि त्यांनी नुसता तिच्या पायातला सँडल नीट केला. वाकून, पट्टा लावून दिला. एवढंच. मी बटन दाबलं आणि आत काहीच झालं नाही. पिशवीतून मोबाइल काढला, तोवर ते उभे राहिले होते. मिळाला तो फोटो त्यांच्या पाठीचा होता.

अल्बम दिला तेव्हा घरच्यांनी कौतुक केलं. नवरीनं पानं उलटली आणि विचारलं, "ताई, बाबांनी सँडलचा पट्टा लावला तो नाही का आला?" मी म्हटलं, नाही आला. तिनं पान उलटलं.

त्यानंतर मी मूळ बॅटरी शोधायला लागले. लातूरला नाही, नांदेडला नाही. शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत अगदी अदबीनं बोलत होता.

"मॅडम, त्या मॉडेलला आता नवीन अपडेट येणार नाही."

"मला नवीन नको. जुनंच परत द्या."

"ते शक्य नाही, मॅडम."

"मग ओरिजिनल बॅटरी तरी द्या."

"ती आता बनत नाही, मॅडम."

"मग मी काय करू?"

तो मग म्हणाला, "नवीन मॉडेलवर सध्या चांगली ऑफर आहे, मॅडम." त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येईना. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

नवऱ्यालाच आठवलं. "ते बैलांचे फोटो काढणारे डाक्टर न्हाईत का उदगीरचे? त्यांचा कॅमेरा तुझ्यासारखाच हाय म्हनली होतीस."

उदगीरचे हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. नोकरीत असताना त्यांनी देवणी आणि लाल कंधारी जातींच्या जनावरांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला होता. बाजार, प्रदर्शन, गोठा, जिथं जातील तिथं. मोठे प्रिंट काढायला ते माझ्याकडं यायचे आणि प्रत्येक बैलाची सगळी माहिती सांगायचे. दोन वर्षांत आले नव्हते. फोन करून सगळं सांगितलं तर म्हणाले, "बॅटऱ्या आहेत की. दोन्ही मूळच्या. ने. पण येताना ते अपडेट घेऊन ये, माझ्या कॅमेऱ्याला घाल."

एसटीनं उदगीरला गेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यांच्या हाताकडं बघू नगंस. त्यांना आवडंना."

पण न बघून कसं चालणार? चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता तरी बशीत चहा सांडत होता. मी बशीकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कंपवात. औषध चालू आहे. कॅमेरा आण तो कपाटातला."

कॅमेरा कापडात गुंडाळलेला होता, माझ्यापेक्षा कितीतरी नवा दिसत होता. मी कार्ड घातलं, अपडेट सुरू केलं. आम्ही तिघंही ती पट्टी भरताना बघत बसलो.

"काय काय दिलंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

मी तिन्ही सुधारणा वाचून दाखवल्या.

"हात थरथरतो त्याच्यावर काही?"

"नाही, डॉक्टरसाहेब."

"वाटलंच," ते म्हणाले आणि हसले. काकू उठून आत गेल्या.

झाल्यावर त्यांनी कॅमेरा मागितला. अंगणापलीकडं शेजाऱ्यांची गाय बांधलेली होती. त्यांनी कोपर खिडकीच्या गजाला टेकवलं, श्वास रोखला, बटन दाबलं. फोटो बघितला. गायीला दोन पाठी आणि चार शिंगं आली होती. परत काढला, परत तसंच. मी म्हटलं, स्टँडवर लावून बघू या. "गाय स्टँडची वाट बघत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी बॅटरी काढली. झाकण त्यांच्या बोटांना उघडेना, मी पुढं झाले नाही, त्यांचं त्यांनीच उघडलं. दुसरी बॅटरी बॅगेतून काढून दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या.

"एक तरी तुम्हाला राहू द्या," मी म्हटलं. "कॅमेरा चालू कसा होईल?"

"चालू करून काय करू?"

"मग अपडेट कशाला घालायला लावलं?"

"जनावर विकायचं असलं तरी आधी त्याला खुरकुताची लस द्यावी, मग दावं सोडावं. तसंच सोडून देणं मला कधी जमलं नाही." एवढं बोलून ते दमले. खुर्चीत मागं टेकून त्यांनी डोळे मिटले. मी बॅटऱ्या पिशवीत घातल्या आणि काकूंचा निरोप घेतला.

उरलेली लग्नसराई त्या बॅटऱ्यांवर निघाली. कॅमेरा अजून चालतो. त्याचे सुटे भागही आता स्टॉक असेपर्यंतच मिळतील, असं कंपनीच्या पानावर लिहून आलंय. नवरा म्हणतो, दिवाळीनंतर नवा घे. घ्यावा लागेलच. नवा आणायचा, त्याची बटनं शिकायची, त्याला अपडेट घालत राहायचं, आणि एक दिवस तोही पानाच्या तळाशी जाणार. विचार केला तरी पाय दुखायला लागतात.

पोळ्याच्या आधी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. देवणीकडच्या एका गावात चांगले बैल आहेत, येतेस का? मला पोळ्याच्या दिवशी दुसरं काम नव्हतं, आणि विश्रांती हवी होती. तरी गेले. ते काठी टेकत वेशीत उभे होते. रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल वाजतगाजत येत होते, आणि शेतकरी येता-जाता त्यांना "डाक्टरसायेब" म्हणून हात करत होते.

"तो बघ वानेरा," ते म्हणाले. "अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. समोरून नको, बाजूनं घे. खांदा दिसू दे. अगं, मान वर करू दे त्याला, घाई कामून करतीस?"

मी थांबले. बैलानं मान वर केली, मी काढला. मग दुसरा, मग तिसरा. उन्हानं डोकं भणाणलं होतं, पायात गोळे येत होते, आणि ते एकामागून एक बैल दाखवत होते, मागच्या पिढीतला त्याचा बाप कुणाकडं होता तेही सांगत होते. फोटो झाला की पडदा त्यांच्यासमोर धरायचा. ते वाकून बघायचे, कधी "बरा आहे" म्हणायचे, कधी "परत घे."

उन्हं कलली तशी काकू त्यांना न्यायला आल्या. मी उदगीरवरून जाणारी लातूरची एसटी धरली. बसायला जागा मिळाली आणि उदगीर सुटायच्या आत मला झोप लागली.