मत लातूरचं, मुलगा नांदेडचा

आमचे आबा आजवर लोकसभेची एकही निवडणूक हरलेले नाहीत. (ते कधी उभे राहिले नाहीत, हा भाग वेगळा.) प्रत्येक लोकसभेला त्यांनी मत दिलं आहे, आणि त्यांच्या मते ज्याने मत दिलं तो जिंकला. दिल्लीला कोण जातं, तो दिल्लीवाल्यांचा प्रश्न!

आमचं गाव लोहा तालुक्यातलं. मतदारसंघाचा सगळा इतिहास आबांना पाठ आहे, फक्त त्यात साल आणि खासदार सापडत नाहीत. "ज्या विलेक्शनला तुझ्या मायनं अंजिरी लुगडं नेसलं," अशी त्याची सुरुवात. एका लोकसभेला मतपत्रिकेची घडी घालताना शिक्क्याची शाई दोन चिन्हांना लागली, तर आबा आठ दिवस दोन्ही पक्षांच्या लोकांना तोंड चुकवत फिरले. एका लोकसभेला आमच्या बैलगाडीवर दोन पक्षांचे झेंडे होते, कारण एक बैल आमचा होता आणि दुसरा चुलत्याचा! हे सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटतात, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होतो, आणि ऐकणारा लोकशाहीच्या गार सावलीत पेंगायला लागतो.

अशा बापाने मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. बी.ए., तेही राज्यशास्त्र!

मागच्या लोकसभेच्या आधी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ते आणि माय नांदेडला माझ्याकडे राहत होते. आबांना डोळ्यापेक्षा मताची काळजी. "बापू, यंदाचं मत हुकलं तर रं?"

"आबा, मी आहे ना!" मी म्हणालो. (इथेच घात झाला.)

माझं आणि बायकोचं, सुनीताचं, नाव नांदेड शहरातल्या यादीत. आबा-मायचं अजून गावच्या यादीत. मी बेत आखला: नांदेडच्या मतदानाला सुट्टी आहेच, सकाळी दोघांना गावी नेऊन मत द्यायला लावायचं आणि दुपारी परत येऊन आपलं द्यायचं.

"अहो, एकदा चौकशी करा की," सुनीता म्हणाली.

"लोहा कोणत्या जिल्ह्यात? नांदेड. मग मतदारसंघ कोणता? राज्यशास्त्र मी शिकलोय की तू?"

पहाटे निघालो. आबा पांढऱ्याशुभ्र धोतरात, माय नव्या लुगड्यात. रस्त्याच्या कडेची झाडं धुक्यात नसूनही धुक्यात असल्यासारखी दिसत होती. आबा काळ्या चष्म्याआडून म्हणाले, "बापू, आपलं मत लातूरला जातंय की रं."

"आबा, लातूर हा वेगळा जिल्हा आहे."

आबा अगदी श्रद्धेने म्हणाले, "हाव. शिकल्याला म्हाइती."

शाळेला कुलूप होतं! ओट्यावर एक शेळी बसली होती आणि रांगेत ती एकटीच होती. आबांचे चुलतभाऊ गणपतकाका पारावरून धावत आले. "दादा, कामून आलाव सकाळीच? कोन गेलं?"

आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारच्या काशीबाईंनी आबांचं पांढरं धोतर आणि काळा चष्मा पाहिला आणि गळा काढला, "आगं माय माय! कसं झालं वोऽऽ!" त्यांच्या आवाजाने आणखी चार बायका आल्या. आपल्याकडचं कोण गेलं ते कळेना म्हणून मायही रडायला लागली!

"कोणी गेलं नाही!" मी ओरडलो. "आम्ही मतदानाला आलोय!"

काशीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला नखशिखांत पाहिलं. रडं वाया गेल्याचा राग त्यात होता.

"मतदान आज नांदेडचं," गणपतकाका शांतपणे म्हणाले. "आपलं लातूरचं. ते फुडल्या टप्प्यात."

"पण काका, जिल्हा कोणता?"

"नांदेड."

"मग खासदार?"

"लातूरचा."

"असं कसं?"

"आता ते मला काय इचारतूस? तूच शिकून राहिलास ना एवढी वर्षं?"

आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रस्ता तरी पाठ झाला."

आलेल्या पाहुण्यांना गाव उपाशी सोडत नाही. आमरस झाला, पोळ्या झाल्या, पुन्हा आमरस झाला. मग लिंबाखालच्या बाजेवर मी "पाचच मिनिटं" आडवा झालो. स्वप्नात आभाळभर जिल्ह्यांचा नकाशा होता. त्याच्या रेषा पतंगाच्या मांज्यासारख्या हलत होत्या, लोहा तालुका कधी नांदेडकडे झुकायचा, कधी लातूरकडे. मी यंत्रापुढे उभा राहिलो, बटण दाबलं आणि लांब आवाज आला. किती समाधानाचा आवाज! संपेचना!

तो माझा फोन होता. "अहो, मी सकाळीच मत देऊन आले," सुनीता म्हणत होती. "तुम्ही कुठंयत? सव्वापाच वाजले!"

आबा-मायला गाडीत घालून मी निघालो. मध्ये ट्रॅक्टर लागला, मग म्हशी लागल्या. आबा मागून धीर देत होते, "हळू चालव, सरकार कुठं पळून चाललंय?" आमच्या केंद्रावर पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. पोलीस म्हणाला, "सर, सहा वाजले. शिकलेली माणसं तुम्ही, जरा लवकर यायचं ना."

पुढच्या टप्प्याला मी पुन्हा दोघांना गावी नेलं. या वेळी गणपतकाकांना तीन वेळा फोन करून विचारलं. आबा रांगेत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या पोरानं मला मताला दोनदा आनलं. एवढी काळजी कोनाचं पोरगं घेतंय?" मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण ती जमीन नांदेडची की लातूरची, याची खात्री नव्हती.

मत देऊन आबा बाहेर आले ते असे, जणू दिल्लीहून शपथ घेऊनच परतले. मग सगळ्यांनी शाईची बोटं वर करून फोटो काढायचं ठरवलं. "सर, तुमीबी या की मधी!" गावातली पोरं म्हणाली. मी घाईघाईने मोबाइल हातात घेतला आणि म्हणालो, "नको, मी काढतो!"

तो फोटो आता आमच्या बैठकीत भिंतीवर आहे. आबा, माय, गणपतकाका, काशीबाई, सगळ्यांची बोटं शाई लावून ऐटीत उभी. माझंही बोट त्यात आलं आहे. उजव्या कोपऱ्यात, भिंगावर आडवं, धूसर आणि अगदी कोरं!