किल्लीदादाच्या दाराची कडी

माझ्या भावाला सगळी गल्ली किल्लीदादा म्हणते. हरवलेली किल्ली, अडकलेलं कुलूप, हट्टाला पेटलेलं कपाट, काहीही त्याच्यापुढे ठेवा. तो कान लावून ऐकतो, तारेने जरा चाचपतो आणि उघडून देतो. "जोर लावू नका हो, आतलं काय अडलंय ते आधी बघा," असं गिऱ्हाइकांना वर ऐकवतो. कुलपाशी एवढ्या मायेने बोलणारा हा माणूस पोटच्या पोरींशी कसा वागला, ते मी सांगणार आहे. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहते, आणि गोड बोलायची मला सवय नाही.

दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं त्याचं घर. थोरली एकोणीस वर्षांची, धाकटी आठ. या घरात चपला भिंतीला टेकून सरळ रांगेत असतात. जेवताना बोलायचं नाही, मोठी माणसं बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हसायचं तर दात न दाखवता. पाहुणे आले की मुली बाहेर येऊन उभ्या राहायच्या आणि विचारलं तेवढंच सांगून आत जायच्या. "मुलं असावीत तर अशी!" पाहुणे म्हणायचे. दादाची छाती फुगायची. मग छताकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "नाहीतर वर बघा, रोज बाजार भरतो."

तो बाजार माझा. माझी पोरं भांडतात, उलट बोलतात, एकाने तर आत काय असतं ते बघायला शेगडीच खोलून ठेवली होती. आठवडाभर आम्ही शेजारी जाऊन चहा उकळला. मी काही आदर्श आई नाही, माझ्याही हातून धपाटे निघतात. पण माझ्या घरात कुणाला काही दुखलंखुपलं तर सगळ्या इमारतीला कळतं, एवढं मात्र छातीठोक सांगते.

दादाकडे काहीच ऐकू येत नसे. कारण जिन्याखालची ती अडगळीची खोली. खोली कसली, फडताळच. जुनी कुलपं, पत्र्याचे डबे आणि बसायला एक लाकडी खोकं. दाराला बाहेरून कडी, ती दादाने स्वतः बसवलेली. कुणी काही सांडलं, उलट बोललं, उशिरा आलं की त्या खोक्यावर जाऊन बसायचं आणि दादा उघडेपर्यंत आपलं काय चुकलं ते आठवायचं. रडलं तर जास्त वेळ. दार वाजवलं तर त्याहून जास्त. "झालं का?" असं विचारलं तर मग बघायलाच नको. वेळ भरली की दादा दार उघडून म्हणायचा, "झालं." तो शब्द ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

"अरे, पोरींना कोंडतोस काय?" मी शंभरदा भांडले.

"कोंडत नाही, बसवतो," तो शांतपणे म्हणायचा. "हात उगारलाय का मी कधी? विचार, तुझ्या वहिनीला विचार."

वहिनीला काय विचारायचं! आत पोर बसली की ती मोरीत भांडी जोरजोरात आपटत घासायला लागायची. तेवढंच तिचं बोलणं.

त्याला कारण होतं, नाही असं नाही. आमच्या बापाने आम्हाला मोकाट सोडलं होतं. कुठे गेलात, जेवलात का, कुणी विचारलं नाही. दादा लहानपणी पडक्या गोदामाच्या छतावरून पडला आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. त्याचा डावा पाय अजून ओढत चालतो. "मला वळण लावायला कुणी नव्हतं, माझ्या मुलींना आहे," तो म्हणायचा. हे ऐकून आधी माझं तोंड बंद व्हायचं. नंतर नंतर संताप यायचा. बापाने लक्ष दिलं नाही म्हणून याने पोरींना कडी लावायची, हा कुठला न्याय?

थोरलीला आइस्क्रीमच्या कारखान्यात नोकरी लागली. डब्यांवर लेबलं लावायची आणि डबे गोठवायच्या खोलीत रचायचे. पोरगी कामाला वाघ. तिथल्या सुपरवायझर बाई तिचं कौतुक करायच्या, पण एकदा म्हणाल्या होत्या, "ही काही विचारतच नाही हो. कळलं नाही तरी मान हलवते."

त्या दिवशी सकाळी तिने एका गठ्ठ्याला चुकीची लेबलं लावली. बाई चिडल्या, चारचौघांत बोलल्या. दुपारी ती डबे घेऊन गोठवायच्या खोलीत गेली आणि बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी दार उघडं दिसलं म्हणून सहज ढकललं. बास, एवढंच झालं. त्या दाराला आतून दांडा असतो, ढकलला की उघडतं. शेजारी घंटेचं बटण. पहिल्याच दिवशी तिला ते दाखवलं होतं, तिच्याकडून उघडूनही घेतलं होतं. तिने दांड्याला हात लावला नाही. घंटा वाजवली नाही. आवाज दिला नाही.

बराच वेळ ती परतली नाही म्हणून बाई बघायला गेल्या, तेव्हा ती एका खोक्यावर ताठ बसलेली होती. हात गुडघ्यांवर. ओठ निळे पडलेले, पापण्यांवर पांढरं साचलेलं. अंगात जाड कोट होता म्हणून वाचली.

मी आणि वहिनी भाजी आणायला गेलो होतो, आम्हाला वाटेतच कळलं, आम्ही धावत दवाखान्यात पोचलो. मागून दादा दुकान तसंच टाकून आला. थोरली शुद्धीवर होती, बोटं पट्ट्यांत गुंडाळलेली. बाई तिच्या उशाशी रडत होत्या. "अगं, दांडा का नाही ढकललास? निदान हाक तरी मारायचीस!"

थोरली हळूच म्हणाली, "मला वाटलं, सकाळच्या लेबलांची शिक्षा आहे. तुम्हीच दार लावलंय."

मला वाटलं, आता तरी या माणसाचे डोळे उघडतील. तर दादा माझ्याकडे वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पण बघ, घाबरली नाही. रडारड नाही, आरडाओरडा नाही. तुझी पोरं असती तर..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी पोरं असती तर दार तोडून बाहेर आली असती!" मी त्या दवाखान्यात ओरडले. नर्स धावत आली. "लाज वाटू दे जरा! मरत होती ती, तुझं वळण पाळत मरत होती!"

तेवढ्यात थोरली उठून बसली. "धाकटी कुठे आहे?"

"घरी," दादा म्हणाला.

"कुणाजवळ?"

दादाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. मी बघितलं वहिनीकडे, वहिनीने बघितलं माझ्याकडे. आम्ही दोघी तर इथे होतो.

दादाला निरोप पोचायच्या आधी धाकटीच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला होता, त्याने तिला जिन्याखाली बसवलं होतं. आणि त्या घाईत तो तिला विसरला होता.

थोरली ऐकेना, डॉक्टर नको म्हणत असताना आमच्याबरोबर निघाली. घर गाठेपर्यंत दिवस कलला होता. दुकान उघडं, आत चिटपाखरू नाही. दादानेच कडी काढली. त्याला ती सहजासहजी निघेना, ज्याच्यापुढे कुठलंच कुलूप कधी टिकलं नाही त्याला.

धाकटी खोक्यावर बसली होती. हात गुडघ्यांवर. फ्रॉक ओला झाला होता, खाली फरशीवरही ओल होती. शेजारी लोक होते, बाहेर रस्ता वाहत होता, एक हाक मारली असती तर दहा माणसं आली असती.

"बाबा, मी रडले नाही," ती म्हणाली. "दार पण वाजवलं नाही."

वहिनीने तोंडात पदर कोंबला. थोरली दुकानात गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी तिला तो धड धरताही येत नव्हता. मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाली. एकेक स्क्रू तिने दोन्ही तळव्यांत स्क्रूड्रायव्हरची मूठ धरून फिरवला. दादा म्हणाला, "अगं, मी काढतो." तिने ऐकलंच नाही. कडी निघाली तशी तिने ती त्याच्या हातावर ठेवली.

"बाबा, परत लावायची असेल तर आधी मला आत घाला," ती म्हणाली. एवढं सलग वाक्य तिने त्याच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. "या वेळी मी दार वाजवणार. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं वाजवणार."

मग तिने धाकटीपुढे हात केला. "चल, ये बाहेर."

धाकटी हलली नाही. दार सताड उघडं, ताईचा हात समोर, आणि पोर ताईच्या खांद्यावरून बापाकडे बघत होती. दादा कडी हातात घेऊन नुसता उभा. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"दादा, म्हण की रे!" मी किंचाळले. "झालं म्हण! तुझ्या एका शब्दासाठी बसलीय ती!"