आधी सांगा, मग उघडतो

किल्लीवाल्यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते शाळेच्या मैदानावर एका आडव्या पडलेल्या कपाटावर बसून कानस पुसत होते. भूकंपाला बारा दिवस झाले होते. त्यांचे दुकान, म्हणजे बसस्टँडच्या भिंतीला टेकलेली चार फुटी टपरी, भिंतीसकट गेली होती. हत्यारांची पेटी वाचली, कारण ती ते रोज घरी नेत. त्यावरून त्यांची बायको तीस वर्षे टोमणे मारत आली होती. आता मात्र ती पेटीला नावे ठेवत नसे. बाकी सगळ्याला ठेवत असे.

मदत केंद्रात माझ्याकडे कपाटांची नोंदवही होती. ढिगारे उपसताना घरातले सारे चुरा होऊन निघे, पण लोखंडी कपाट चेपलेले का होईना, सापडे. ती कपाटे मैदानावर आणून रांगेत ठेवत आणि त्यांवर खडूने नंबर घालत. लोक येत, आपले कपाट ओळखत आणि किल्लीवाले ते उघडून देत. मूळ किल्ल्या अर्थातच मातीत गेल्या होत्या.

किल्लीवाले पहार कधी वापरत नसत. त्यांच्या डब्यात कोऱ्या किल्ल्या असत. एक घ्यायची, मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हलकेच पिळायची. बाहेर काढली की काजळीवर जिथे चकाकी दिसेल तिथे कानस मारायची. असे पंधरा-वीस वेळा केले की किल्ली तयार.

"पहारीने दोन मिनिटांत होईल," मी एकदा म्हणालो.

"होईल की. पण मग कपाट बंद कसं होणार, साहेब? लोकांकडे आता बंद करता येईल असं एवढंच उरलंय. दारं कुठायत कुणाच्या घराला?"

कपाटांच्या या कामाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हातून एक चूक झाली. एक गृहस्थ आले, करड्या रंगाच्या एका कपाटावर हात ठेवून रडू लागले. किल्लीवाल्यांनी काही न विचारता ते उघडून दिले. आत लहान मुलींचे स्वेटर घड्या घालून ठेवलेले. गृहस्थांना मूलबाळ नव्हते. सगळीच कपाटे करडी. बिचाऱ्यांची चूक झाली. पण दुसऱ्या दिवशी खरी मालकीण आली तेव्हा तिला कळले की आपल्या मुलींचे कपडे आधीच चार परक्या माणसांनी पाहिलेत. ती स्वेटर तेवढे उचलून निघून गेली.

त्या दिवशी किल्लीवाले जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "साहेब, वहीत एक रकाना वाढवा. आत काय आहे ते माणसानं आधी सांगायचं, तुम्ही लिहायचं. मग मी उघडतो. जुळलं नाही तर लगेच बंद." तोच आमचा नियम झाला. कोणी घाई केली की ते म्हणत, "आधी सांगा, मग उघडतो."

"गावभर कुलपं उघडत हिंडतात, घरी तोंड उघडत नाहीत," त्यांची बायको मला म्हणे. ती केंद्रातल्या पाण्याच्या टाकीशी रांग सांभाळायची. त्यांच्या घराला तडे गेले होते, म्हणून घरचे कपाट त्यांनी तंबूत आणून ठेवले होते. त्याची किल्ली किल्लीवाल्यांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, दोरीला. बाईंना चादर हवी असली तर त्या किल्ली मागत नसत, चादर मागत. मग हातातले काम सोडून हे उठत आणि चादर काढून देत. मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आमच्याकडेही थोडेफार तसेच.

कपाट नंबर एकेचाळीस पाववाल्यांचे होते. त्यांच्या भट्टीचा पाव सगळ्या पेठेत जाई. पाववाले भट्टीखालीच सापडले. मागे राहिल्या त्या त्यांच्या बायको. साठीच्या असतील, सगळे त्यांना पाववाल्या मावशी म्हणत. घराचा कागद त्या कपाटात होता. नव्या घरांच्या यादीत नाव घालायची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती, आणि कागद घेऊन येईल त्याचे नाव यादीत, असा वरचा हुकूम होता. मावशी आल्या शनिवारी सकाळी दहाला. कारण कपाटच शुक्रवारी संध्याकाळी निघाले होते.

पाठोपाठ त्यांचे दीरही आले. त्यांचे भाड्याचे घरही पडले होते आणि भाडेकरूंचे काय करायचे ते अजून ठरायचे होते.

मी वही उघडली. "मावशी, आत काय काय आहे?"

"घराचा कागद आहे."

"कुठल्या खणात? कशात ठेवलाय?"

मावशींनी दिराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ते मला नाही सांगता यायचं. किल्ली त्यांच्याकडे असायची."

"आणखी काही? कपडे, भांडी, काहीही."

"कपडे बाहेर दोरीवरच असायचे आमचे. आत मी कधी हात घातला नाही हो."

दीर घसा साफ करून म्हणाले, "मी सांगतो. वरच्या खणात तपकिरी पिशवी, चेन तुटलेली. तिच्यात कागद. खाली भट्टीच्या जुन्या वह्या, दोरीनं बांधलेल्या. आणि एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ, आमच्या वडिलांचं."

"वहिनी, मी कागद नेऊन देतो ना," ते मावशींना म्हणाले. "तुला कुठे जमणारे कचेऱ्यांची ही उठाठेव? तू राहा की आमच्याकडेच."

"तुमच्याकडे म्हणजे माझ्याच घरात," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

आमच्या नियमाने कपाट दिरांचे ठरत होते. मी सगळे लिहून घेतले. पेन जड झाले होते हे खरे, पण नियम तो नियम. इतका वेळ किल्लीवाले मान खाली घालून किल्ली घासत होते. किल्ली कुलपात फिरली. त्यांनी दार न उघडता ती परत काढली आणि कपाटासमोर उकिडवे बसून दाराच्या खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"नाव लिहू नका, साहेब." त्यांनी किल्ली दिरांच्या हातात दिली. "उघडा तुम्ही."

दिरांनी किल्ली फिरवली. खट्‌ आवाज झाला. हँडल ओढले. दार हलले नाही. पाय लावून ओढले, तरी नाही.

"दबलंय भूकंपात. पहार घाला."

"पहार नको," मागून मावशी म्हणाल्या. "सरका जरा."

त्या पुढे झाल्या. एका हाताने हँडल वर उचलून धरले आणि उजवा गुडघा दाराच्या खालच्या कोपऱ्याला लावून एक हलका धक्का दिला. दार कुरकुरत उघडले.

मावशींनी आत पाहिले नाही. त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या, सवयीने. "घेतलं तेव्हापासनं असंच आहे हे. ते किल्ली फिरवायचे, मला हाक मारायचे. मी गुडघा लावायचे. उघडलं की म्हणायचे, जा आता, पाव करपतील."

किल्लीवाल्यांनी मला खाली वाकून पाहायला लावले. गुडघ्याच्या उंचीवर रंग जाऊन बशीएवढा पत्रा उघडा पडला होता, आरशासारखा गुळगुळीत. "भूकंप पोचा पाडतो, साहेब. असं घासून चकचकीत नाही करत. याला तीस-पस्तीस वर्षं लागतात."

आत तपकिरी पिशवी होती, चेन तुटलेली. वह्या होत्या, दोरीने बांधलेल्या. घड्याळही होते. दिरांनी सांगितलेला शब्द न्‌ शब्द खरा निघाला. ते खोटे बोलले नव्हते.

दीर म्हणाले, "दादानं मला दाखवून ठेवलं होतं, वहिनी. तुला का नाही दाखवलं ते मला विचारू नकोस."

"तुम्हाला कशाला विचारू? त्यांनाच कधी विचारलं नाही."

दिरांनी पिशवी उचलली आणि मावशींच्या हातात दिली. "चल. बारा वाजायच्या आत जाऊ. मी फक्त रांगेत उभा राहतो." मी वहीत मावशींचे नाव घातले आणि किल्लीवाल्यांच्या सांगण्यावरून आणखी एक रकाना आखला : कपाट कसे उघडते?

"नियम चुकीचा नव्हता," ते म्हणाले. "अर्धा होता."

किल्लीवाले नेहमी जोडकिल्ली देत, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. मावशींच्या दोन्ही किल्ल्या तयार झाल्या तशा त्यांनी पुढे केल्या. दिरांचा हात आपसूक पुढे आला. मावशींनी दोन्ही उचलून पिशवीत टाकल्या.

"दुसरी?" दीर म्हणाले.

"दुसरीही माझीच."

यावर पहिल्यांदा दीरच हसले. दोघे कचेरीच्या दिशेने गेले. मावशी पुढे, पिशवी छातीशी धरलेली.

दुपारी मी डबा खात होतो तेव्हा किल्लीवाले पुन्हा कानस घेऊन बसले होते. रांगेत उघडायचे कपाट उरले नव्हते. समोर गळ्यातली दोरी काढून ठेवलेली, आणि तिच्यातल्या किल्लीवरून ते दुसरी घासत होते. झाल्यावर टाकीपाशी जाऊन त्यांनी ती बायकोच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"चादर लागली तर."

बाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" मग रांगेतल्या माणसाला म्हणाल्या, "बादली सरळ धर बाबा, पाणी सांडतंय," आणि किल्ली मुठीत घट्ट धरून दुसऱ्या हाताने नळ बंद केला.