बाईंचं ‘हं’

“तिच्याशी बोलताना एवढा गळा सुटतो, आणि माझ्याशी बोलायचं तर तोंडाला कुलूप!”

“अगं, मी आकडे वाचतोय!”

“आकडेच ना? मग आवाजात एवढी साखर कशाला?”

वहिनींचं आणि त्यांच्या नवऱ्याचं हे भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं. शेजारणींनी फोडण्या करपू दिल्या, पण कान हलवला नाही.

नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. वर डोंगरावरच्या वाचनालयात जुनी मशीनं होती, पण इंटरनेट नव्हतं. म्हणून तो इथे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटातली सिस्टिम उतरवून घ्यायचा. कुणीही वापरावी, कुणीही वाटावी अशी ती. सगळे प्रोग्रॅम पोटात असलेली अख्खी फाइल पेनड्राइव्हवर भरायची आणि बसच्या कंडक्टरकडे द्यायची, की काम झालं.

प्रत धड उतरली का, हे कळायला फाइलची एक लांबलचक खूण असते. आकडे आणि अक्षरं यांची मिसळ. वरून वाचनालयातल्या बाई फोन करायच्या. तो इथली खूण घास भरवल्यासारखी थोडी थोडी वाचायचा, बाई तिथल्या प्रतीच्या खुणेशी ताडून बघायच्या आणि म्हणायच्या, “हं.”

त्या ‘हं’ने वहिनींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाईंना कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे वहिनींच्या मनात त्या दिवसेंदिवस देखण्या होत चालल्या होत्या.

एकदा नवरा बाहेर गेला असताना फाइल भरली जात होती. वहिनींनी पेनड्राइव्ह निम्म्यातच उपटला, टोपण लावलं आणि साळसूदपणे टेबलावर ठेवला. नवऱ्याला वाटलं, झालं काम. त्याने तो तसाच बसमध्ये दिला.

संध्याकाळी फोन आला. खूण जुळेना. पुन्हा वाचली, तरी जुळेना. मग दुसरी प्रत, दुसरा फोन, पुन्हा पहिल्यापासून वाचन. एक ‘हं’ तोडायला गेल्या आणि दुप्पट पदरात पडले!

“द्या इकडे,” वहिनींनी फोन ओढून घेतला. “मीच वाचते.”

शिव्या द्याव्यात तशी त्यांनी खूण वाचली. पलीकडून बाई म्हणाल्या, “वहिनी, जरा भराभर वाचा हो. आमचे हे दाराशी सायकल घेऊन उभे आहेत. तुमच्या साहेबांवर जळतात ते.”

“ह्यांच्यावर?” वहिनींनी स्क्रू शोधत असलेल्या नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

“हो ना. मला तर त्यांच्या वाचण्याने झोप येते.”

“ती झोप माझ्या ओळखीची आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसू लागल्या.

तेव्हापासून वाचन वहिनींकडे आलं. खूण पटकन संपायची, गप्पा संपायच्या नाहीत. आता नवरा स्क्रूड्रायव्हर हातात धरून दाराशी घुटमळायचा. “माझ्याबद्दल काय चाललंय?”

“तुमचा इथे काय संबंध?”

असं करता करता केस पांढरे झाले. ज्या सकाळी वहिनी उठल्याच नाहीत, त्याच्या आदल्या दिवशीही त्या पेनड्राइव्ह घेऊन बसस्टँडवर गेल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, “काकू, वर आता इंटरनेट येणार म्हणे.”

“येईल तेव्हा बघू. हे खिशात ठेव, पिशवीत टाकू नकोस.”

संध्याकाळी फोन आला. वहिनी वाचायला बसल्या. आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून नवऱ्याने दुकानातला पंखा बंद केला. वहिनींनी ते पाहिलं, आणि आवाज आणखी खाली घेतला.