जी उरेल ती केबिन

माझ्या मावशीचा चेहरा अर्ध्या शहराला पाठ आहे, पण तिचे पाय कुणी पाहिलेले नाहीत. थिएटरच्या तिकीट-खिडकीत तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ती रस्त्यानं हिंडायला लागली तेव्हा लोक थबकायचे आणि ‘यांना कुठंतरी पाहिलंय’ अशा नजरेनं बघत राहायचे. मग मावशी दोन्ही हातांची चौकट करून तोंडापुढे धरायची आणि विचारायची, “किती देऊ?” की लगेच ओळख पटायची. आम्ही भाचरं तिला खिडकीमावशी म्हणतो. तोंडावरच म्हणतो, कारण पाठीमागे बोललेलं तिला हमखास कळतं.

तिकीट विकायची तिची एक पद्धत होती. ‘कुठली सीट हवी’ असं ती कधी विचारायचीच नाही. ती विचारायची, “बरोबर कोण आहे?” तान्हं मूल असलं की दाराजवळची कडेची जागा. गुडघे धरलेला सासरा असला की पाय पसरता येतील अशी. नवीन जोडपं असलं तर काही न विचारता कोपरा, आणि वर “पिक्चर संपल्यावर दिवे लागतात, लक्षात असू दे” असा शेरा. गिऱ्हाइकानं हट्टानं ‘मला हीच सीट हवी’ म्हटलं की तिचा पारा चढायचा. “आवडतं काय ते सगळ्यांना कळतं. मानवतं काय ते कुणाला कळतंय?” असं पुटपुटत ती तिकीट फाडायची.

फक्त एक खुर्ची कुणालाच मानवत नसे. शेवटच्या रांगेतली, अगदी टोकाची. तिच्यामागच्या भिंतीपलीकडे थंड हवेचं यंत्र होतं, आणि त्या घरघरीत हिरो काय म्हणतो ते हिरॉइनलासुद्धा कळलं नसतं. मावशी ती खुर्ची सांगूनसवरून विकायची. “आवाज येईल हां, मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत.” बहुतेक वेळा ती रिकामीच राहायची.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्या झोपेची आहे. मावशी आईची धाकटी बहीण. माझे बाबा छापखान्यात मशीन चालवायचे आणि आमचं घर त्या छापखान्याच्या बरोबर डोक्यावर होतं. मशीन सुरू झालं की जमीन थरथरायची आणि फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुणे आले की कानांत बोळे घालून झोपायचे. आई मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच धडधडीवर झोपली. बाबांची रात्रपाळी असली आणि मशीन मध्येच थांबलं, तरच तिला जाग यायची. “कागद अडकला वाटतं,” असं म्हणून ती उठून बसायची. बाबा खाली कागद काढायचे, मशीन पुन्हा सुरू व्हायचं, आणि आई “काढला” म्हणून कूस बदलायची. सकाळी तिला यातलं काही आठवायचं नाही.

बाबा गेले. छापखानाही बंद झाला आणि ते मशीन भंगारात गेलं. मी आईला माझ्याकडे घेऊन आले. माझा फ्लॅट सगळ्यांत वरच्या मजल्यावर, खिडक्यांना दुहेरी काचा, खालच्या रस्त्यावरची गाडीसुद्धा ऐकू येत नाही. मला त्या शांततेचा भारी अभिमान होता. आणि त्या शांततेत आईच्या डोळ्याला डोळा लागेना.

सुरुवातीला आम्ही म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. मग गरम दूध झालं, पायांना तेल झालं, गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. आई दिवसेंदिवस विरत चालली. बोलता बोलता शब्द विसरायची. गॅसवर भांडं ठेवून भिंतीकडे बघत बसायची. एकदा जिन्यात तिला घेरी आली आणि शेजारणीनं धरलं म्हणून बरं. डॉक्टर म्हणाले, “नुसत्या गोळ्या वाढवत नेण्यात अर्थ नाही. झोप लागली नाही तर ही तब्येत फार दिवस साथ देणार नाही.” मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

त्याच सुमारास मावशी आईला एका दुपारी थिएटरात घेऊन गेली. तेव्हा तिच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. शो हाऊसफुल्ल होता आणि उरली होती फक्त ती घरघरीची खुर्ची. आई पडद्यावर नावं यायच्या आधी झोपली ती लोक उठून जायला लागले तेव्हा जागी झाली. मावशीकडून हे ऐकून आम्ही सगळे हसलो. पिक्चरच तसा असेल, असं माझा नवरा म्हणाला. मावशी तेवढी हसली नाही.

निवृत्तीचे पैसे हातात पडल्यावर तिनं जाहीर केलं, “ताईला घेऊन मी बोटीवर जाणार आहे. क्रूझ. आणि तूही चल, पिशव्या उचलायला कुणीतरी लागेल.”

बुकिंगच्या ऑफिसात मी तिच्याबरोबर गेले. बुकिंगवाला गुळगुळीत बोलणारा, गळ्यात टाय, आणि भिंतीवर जहाजाचा मोठा रंगीत नकाशा. तो म्हणाला, “केबिन जहाजात कुठे हवी ते तुम्ही निवडणार असाल तर दर वेगळा. नाही निवडलीत तर स्वस्तात पडेल. पण मग कंपनी देईल ती घ्यायची. पुढे, मागे, वर, खाली, आत्ता काही सांगता येणार नाही. केबिनचा नंबर जहाजावर चढतानाच कळेल.”

“म्हणजे बाकीच्यांनी निवडून झाल्यावर जी उरेल ती,” मावशी म्हणाली.

“अगदी तसंच. पण आजी, खरं सांगतो, उरतात त्या शक्यतो मागच्या टोकाच्या. इंजिनाच्या वर. धडधडतात.”

मावशीचा चेहरा एकदम फुलला. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं मला उलट ढोसलं आणि म्हणाली, “द्या तीच. उरेल ती.”

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. “आईंना शांत घरात झोप येत नाही, आणि तुम्ही त्यांना इंजिनावर नेऊन निजवणार? वरचे पैसे मी भरतो, पण चांगली खोली घ्या.”

“तुझे पैसे तुझ्या खिशात राहू देत,” मावशी म्हणाली. “जावई आहेस, जावयासारखा राहा. सामान गाडीत ठेव.”

मला राग आला होता. मावशीच्या कंजूषपणाबद्दल मी मनात बरंच काही बोलून घेतलं. पण तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप?

जहाजावर चढताना नंबर मिळाला आणि नशिबानं टोपी फिरवली. खालच्या केबिनी कंपनीनं जास्तच विकल्या होत्या, म्हणून आम्हाला एक पैसा न घेता थेट वर चढवलं. मधोमध, उंचावर, बाल्कनीवाली केबिन. भिंतीतून ओढून काढायचा तिसरा पलंग, पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा, आणि समोर नुसतं पाणी. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो ओरडला, “आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!”

मावशी मात्र पडेल चेहऱ्यानं खोलीत फिरत होती. कपाट उघडलं, मिटलं. मग भिंतीला कान लावला. जमिनीवर वाकून तळहात टेकवला. “काहीच नाही,” ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. थिएटरात उरलेली सीट ही उरलेलीच असते. जहाजावर कधी कधी चांगलीच उरते, हे बापडीला कुठून माहीत असणार!

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसली होती. केस विंचरलेले, कपडे बदललेले, डोळे लाल. “फार छान खोली आहे हो,” ती म्हणाली. “किती शांत.” अळणी आमटी वाढणाऱ्या यजमानीणबाईंचं कौतुक करावं, तसं ते कौतुक होतं. मावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि तडक काउंटरवर निघाली. मी तिच्यामागे.

तिथं तक्रारींची रांगच होती. आमच्या पुढे एक टकलू गृहस्थ तावातावानं बोलत होते. “केबिन आहे की पिठाची गिरणी? अगदी मागच्या टोकाला! रात्रभर पलंग हलतोय, ग्लास नाचतायत, बायको बोलत नाही आणि सासू बोलायची थांबत नाही!”

“तिघं आहात?” मावशीनं मागून विचारलं.

“हो. का?”

“तुमची केबिन मला द्या आणि माझी तुम्ही घ्या. वर आहे, शांत आहे, बाल्कनी आहे.”

गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “गळते का?”

“नाही.”

“वास येतो? झुरळं?”

“अहो, सोन्यासारखी खोली आहे. माझ्या भाचीला विचारा, काल नाचत होती.”

 पायांखालचा तो मऊ गालिचा माझ्या डोळ्यांसमोर तरळत होता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते कर्म माझ्या शेजारी चपला घालून उभं होतं. मी मावशीला बाजूला ओढलं. “तुला वेड लागलंय का? आईचं काय होईल?”

“तिच्यासाठीच तर चाललंय,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. “तुझी आई त्या मशीनवर झोपायची गं. आवाज चालू म्हणजे तुझे बाबा खाली उभे आहेत, काम नीट चाललंय, आपण डोळे मिटायला हरकत नाही. आता सगळीकडे सामसूम. तिला वाटतं, कागद अडकलाय आणि कुणी काढतच नाही. त्या दिवशी थिएटरात ती कशी झोपली, आठवतंय ना? तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. आता थिएटरची ती खुर्ची काही घरी आणता येत नाही.”

मी त्याच घरात वाढलेली, तेच कप किणकिणताना ऐकलेले.  मी तिचा हात सोडला.

काउंटरवरची मुलगी गोंधळून गेली होती. “आजी, आवाजाची केबिन बदलून शांत हवी, असं रोज सगळे म्हणतात. उलटं कुणी मागितलेलं नाही. कारण काय टाकू?”

“टाका, बहिणीला झोपायचं आहे.”

मुलीनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली. टकलू गृहस्थ तर मावशीचं मन फिरायच्या आत किल्ली घेऊन पळालेसुद्धा. जाता जाता, बाजूला बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

नवी केबिन म्हणजे लोखंडी डबा होता. खिडकी नाही, म्हणून मी म्हटलं, “खिडकीमावशी, तूच बस भिंतीला टेकून.” ती हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. खालून धड्-धड्, धड्-धड् असा एकसारखा आवाज येत होता. जमीन थरथरत होती. बेसिनवरच्या फळीवर काचेचे दोन ग्लास एकमेकांना लागून किणकिणत होते.

आई दारातच थांबली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नाही. ती बराच वेळ त्या ग्लासांकडे बघत होती. मग आत आली, पलंगावर बसली, आणि तळवे जमिनीला नीट टेकतील असे तिनं पाय पुढे सरकवले.

“धाकटे,” ती मावशीला म्हणाली, “इथं आवाज येतोय.”

“हो ताई. उरलेली खोली आहे ना. चालेल का?”

 आई तोवर आडवी झाली होती. दुपारच्या जेवणाची वेळ होती, वर बँड वाजत होता, लोक पोहत होते, आणि माझी आई एक हात गालाखाली घेऊन झोपली. सवयीनं मी ग्लास उचलून वेगळे ठेवायला गेले तर मावशीनं माझं मनगट धरलं. “राहू दे,” ती म्हणाली. आम्ही दोघी समोरच्या पलंगावर खांद्याला खांदा लावून बसलो आणि झोपलेल्या बाईकडे बघत राहिलो. जगात इतकं सुंदर दुसरं काही नसेल असं मला त्या वेळी वाटलं. मावशीचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले, जे अर्ध्या शहरानं पाहिलेले नाहीत. पण मी वाकले असते तर तिनं माझी चंपी केली असती, म्हणून नुसती तिला चिकटून बसले.

संध्याकाळी जहाज कुठल्याशा बंदराबाहेर वाट बघत थांबलं. इंजिन मंदावलं आणि बंद पडलं. ग्लास गप्प झाले. मावशीनं माझा हात घट्ट धरला.

आईनं डोळे उघडले. “कागद अडकला वाटतं,” ती म्हणाली आणि उठून बसली. तिनं लोखंडी भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आपण कुठे आहोत ते तिला कळलं. बाबा गेले तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती. आता तिनं तोंडावर पदर घेतला आणि हमसून हमसून रडली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली. पाठीवर हात ठेवला, तो हलवला नाही, आणि “रडू नको” असं एकदाही म्हणाली नाही.

मग कुठेतरी खाली घरघर झाली. एक धडाका, मग दुसरा, आणि मग पुन्हा ती जुनी लय. फळीवरचे ग्लास किणकिणायला लागले.

आईनं डोळे पुसले. थोडा वेळ ऐकत राहिली.

“काढला,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.